धक्क्याचे मोजमाप : कोयनेच्या नोंदीपासून खिशातल्या फोनपर्यंत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवतो ते विज्ञानाचे शिक्षक होते, आणि आज त्यांच्या नावाने बोलावयास उभा आहे तो जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. संस्थेने निमंत्रण दिले तेव्हा संतसाहित्यावर किंवा सीमाभागातील नाट्यपरंपरेवर बोलावे, असा माझा विचार होता. तो बदलला एका वहीमुळे. सरांच्या कुटुंबीयांनी त्यांची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला दिली, त्यांत एक निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. तिच्या पहिल्या पानावर सरांच्या रेखीव अक्षरात तारीख आहे : ११ डिसेंबर १९६७. खाली आमच्या वर्गातील मुलांची नावे, आणि माझ्या नावापुढे 'दोन मिनिटे' अशी नोंद. आजचा विषय त्या दोन मिनिटांचा आहे.

त्या पहाटे मी सतरा वर्षांचा होतो. आमचे घर कौलारू, माजघरात फळीवर पितळी डबे मांडलेले. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्या डब्यांच्या आवाजाने मला जाग आली. प्रथम वाटले, उंदीर असावा. मग अंथरूणच सरकल्यासारखे झाले. आजी मोठ्याने मारुतिस्तोत्र म्हणू लागली, बाबांनी आम्हां भावंडांना दंडाला धरून अंगणात काढले. गल्लीतले सारे लोक बाहेर आले होते आणि जो तो आपल्या घरात काय पडले ते सांगत होता. त्या वर्षी सीमाभागाला हादऱ्यांचे तसे अप्रूप नव्हते. ऑगस्टमध्येच महाजन आयोगाचा अहवाल येऊन गेला होता. पण हा हादरा खरोखरचा होता. दिवस उजाडल्यावर कळले, की भूकंपाचे केंद्र कोयनेला, म्हणजे बेळगावापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, होते. तिकडे कोयनानगर उद्ध्वस्त झाले होते. सुमारे १८० माणसे दगावली.

सोमवार होता. शाळा भरली. सरांनी त्या दिवशी पुस्तक उघडलेच नाही. फळ्यावर चार रकाने आखले : जाग कशाने आली, धक्का किती वेळ चालला, टांगलेल्या वस्तू कोणत्या दिशेने झुलल्या, आणि चौथा, 'हे कशावरून सांगतोस?' कुणी अर्धे मिनिट सांगितले, कुणी पाच मिनिटे. मी ठामपणे दोन मिनिटे म्हणालो. कशावरून? तर आजीचे मारुतिस्तोत्र पुरे म्हणून झाले, त्यावरून. सर हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "आजींनी स्तोत्र धक्का सुरू झाल्यावर म्हणायला घेतलं, की थांबल्यावर?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. वहीत चौथा रकाना माझ्या नावापुढे कोरा आहे.

आजीच्या स्तोत्राची थट्टा करण्याचे मात्र कारण नाही. गतीच्या शास्त्राचा आरंभ असल्याच घड्याळांनी झाला आहे. गॅलिलिओने उतरत्या फळीवरील खोबणीतून कांस्याची गोळी सोडली, तेव्हा सेकंद दाखवणारे घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. मोठ्या भांड्याला बारीक नळी लावून, गोळी घरंगळत असता जेवढे पाणी गळले तेवढे त्याने तोलले. पाण्याचे वजन हाच त्याचा काळ. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने हे सांगून ठेवले आहे, आणि त्या थेंबांच्या हिशेबातून निघालेला सिद्धांत आजही शाळेत शिकवला जातो : गोळीने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ह्याचा अर्थ असा, की गोळीचा वेग दर क्षणी सारख्याच मापाने वाढत जातो. ह्या वाढीला आजच्या शालेय पुस्तकांत 'त्वरण' म्हणतात. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात 'प्रवेग' हा शब्दही आढळतो. 'त्वरण' हा शब्द 'त्वरा'च्या घरचा आहे. कानाला थोडा घाईचा वाटतो, पण शास्त्रात त्याचा घाईशी संबंध नाही. वेग वाढो, घटो अथवा केवळ त्याची दिशा बदलो, तिन्ही प्रसंगी त्वरण असतेच.

येथे भाषेच्या माणसाला एक गोष्ट सुचते ती सांगतो. आपल्या बोलीत धक्का, हिसका, गचका, हादरा, झोका, हेलकावा, थरकाप असे किती शब्द आहेत! आणि ठरावीक वेगाने सरळ चालणाऱ्या गतीसाठी? शोधावे लागतात. ह्याचे कारण आपल्या शरीरात आहे. बस एकसारख्या वेगाने सरळ रस्त्यावर धावत असेल तर डोळे मिटलेल्या प्रवाशाला ती किती वेगाने चालली आहे ते कळत नाही. चालकाने ब्रेक दाबला की मात्र पुढच्या बाकावर कपाळ आपटते. गती आपल्याला जाणवत नाही, गतीतला बदल जाणवतो. बोलीभाषेने ते भौतिकशास्त्राआधीच ओळखले होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो. तज्ज्ञांनी क्षमा करावी.

त्वरणमापक यंत्राचे मर्म त्या प्रवाशाच्या कपाळातच आहे. एका पेटीत स्प्रिंगला वजन बांधावे. पेटी हलली की वजन जडत्वामुळे मागे राहते, स्प्रिंग ताणली जाते. ताण जितका, तितके त्वरण. मात्र स्प्रिंग चांगली ताठ हवी. ती सैल असली तर वजन जवळजवळ जागीच राहते आणि यंत्र जमिनीचे त्वरण न दाखवता विस्थापन दाखवू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये मिल्न, युइंग आणि ग्रे ह्या इंग्लंड-स्कॉटलंडहून गेलेल्या अध्यापकांनी जे भूकंपलेखक घडवले, त्यांच्या परंपरेतून पुढे इतकी नाजूक यंत्रे निघाली की हजारो मैलांवरचा भूकंप त्यांत टिपला जाई. पण नाजूकपणाचा तोटा हा, की भूकंप जवळ झाला की लेखणी कागदाबाहेर जाते. दूरच्यांची कहाणी लिहिणारे यंत्र शेजारच्या आकांतापुढे मुके होते.

इमारत बांधणाऱ्याला मात्र तो शेजारचा आकांतच हवा असतो. भिंतीवर किती बल येईल? तिच्या वस्तुमानाला त्वरणाने गुणावे, तेवढे. हा आकडा नसेल तर सारा हिशेब अंदाजाचा. जपानी अभियंता क्योजी सुएहिरो ह्यांनी १९३१ साली अमेरिकेत व्याख्याने देऊन हीच निकड मांडली. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियात तीव्र धक्के टिपणारी यंत्रे बसवण्यास आरंभ झाला आणि १० मार्च १९३३ रोजी लाँग बीचच्या भूकंपात अशी पहिली नोंद मिळाली. १८ मे १९४० च्या एल सेंट्रो येथील नोंदीवर तर स्थापत्य अभियंत्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या.

आता कोयनेकडे वळू. १०३ मीटर उंचीचे हे धरण. १९६२ पासून शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि तेव्हापासूनच त्या परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. पूर्वी हा भाग भूकंपाचा मानला जात नव्हता. दख्खनचा कातळ म्हणजे स्थैर्याची परिसीमा, अशी समजूत होती. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपलेखक बसवले. धरणाच्या पोटात, कट्टा क्रमांक एक-अ मधील बोगद्यात, एक त्वरणलेखकही ठेवला गेला. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का येऊन गेला होता. डिसेंबरच्या पहाटे त्याहून कितीतरी मोठा आला. त्याची महत्ता सामान्यतः ६.५ मानतात.

त्या बोगद्यातील यंत्रात प्रकाशाचा बारीक किरण छायाचित्रणाच्या कागदावर रेषा काढत असे. तीन दिशांच्या तीन रेषा : एक धरणाच्या लांबीच्या दिशेची, दुसरी नदीच्या प्रवाहाच्या दिशेची, तिसरी उभी. गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचे त्वरण, म्हणजे सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटर, हे एक माप धरले तर त्या कागदावर लांबीच्या दिशेने ०.६३, प्रवाहाच्या दिशेने सुमारे ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ असे कमाल आकडे निघाले. तोपर्यंत जगात कोठेही नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यांत त्यांची गणना झाली. आणि हे धरण ज्या भूकंपगुणकावर आखले होते तो होता ०.०५.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की ऐकणारा चमकतो, व्याख्यात्याला टाळी मिळते. परंतु सरांचा विद्यार्थी म्हणून सांगितले पाहिजे, की ही तुलना सरळ करता येत नाही. आखणीतला गुणक म्हणजे धरणावर स्थिरपणे लावलेले कल्पित बल. नोंदीतला आकडा म्हणजे सेकंदाच्या अल्पांशात येऊन गेलेले शिखर. शिखर क्षणभरच टिकते, आणि दगडा-काँक्रीटच्या एवढ्या अजस्र देहाला वाकायलाही वेळ लागतो. शिवाय यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हते, धरणाच्या आत होते. जमीन किती हलली आणि धरणाने त्यात आपले किती मिसळले, हा प्रश्न उरतोच. इतके सांगूनही वस्तुस्थिती अशी, की जुना हिशेब अपुरा होता. धरण उभे राहिले, पण सांडव्याबाहेरच्या उंच कट्ट्यांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा गेल्या. त्या मुख्यतः माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे मागील उताराचा कोन एकदम बदलतो त्या पातळीवर होत्या. नंतर ह्या कट्ट्यांना मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले.

भेगा तेथेच का पडल्या, हे सांगण्यासाठी तो कागद कामी आला. रुरकी विद्यापीठातील जय कृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी ह्यांनी त्या नोंदीचे विश्लेषण १९६९ साली प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती ह्यांनी तीच नोंद संगणकातल्या धरणाला 'खिलवली' आणि ताण नेमका त्या कोनापाशी साचतो, असे दाखवले. आजही धरणांच्या गणिताची नवी रीत कोणी काढली, की ती बरोबर आहे का हे पाहण्यासाठी कोयनेची नोंद आणि कोयनेच्या भेगा पुढे ठेवतात. चिनी, इराणी, तुर्की अभियंत्यांच्या शोधनिबंधांत 'कोयना' हे नाव वाचताना सातारा जिल्ह्यातील त्या काळोख्या बोगद्याची मला आठवण येते.

आणि माझी दोन मिनिटे? त्या कागदावर जोराच्या हालचालीचा भाग साधारण दहा सेकंदांत आटोपतो. बेळगाव दूर असल्यामुळे आमच्याकडे लाटा पसरून आल्या असतील, धक्का सौम्य पण अधिक काळ जाणवला असेल, हे मान्य. तरी दोन मिनिटे नव्हेत. आजीचे स्तोत्र बहुधा अंगणात पुरे झाले असावे.

मात्र त्या यंत्राची एक गोष्ट कळली तेव्हा मला त्याच्याविषयी विलक्षण आपुलकी वाटली. त्या पिढीतले त्वरणलेखक सतत चालू नसत. वर्षानुवर्षे कोऱ्या कागदाची गुंडाळी फिरवत बसणे परवडणारे नव्हते. यंत्र निजलेले असे. आत एक लहान लोलक असे, तो पुरेसा हलला की विजेचा संपर्क होऊन दिवा लागे आणि कागद सरकू लागे. म्हणजे भूकंपानेच यंत्राला जागे करायचे, आणि जाग येईतो जे घडले ते लिहिले जायचे नाही. पितळी डब्यांनी मला उठवले, त्याआधीचा भाग मलाही ठाऊक नाही. आम्ही दोघेही उशिरा उठलेले साक्षीदार. फरक इतकाच, की त्याने उठल्यानंतरचे इमानाने लिहिले.

हरवलेल्या आरंभाची किंमत हिशेबात मोजावी लागते. त्वरणाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढले की वेग मिळतो, वेगाच्या आलेखाखालचे काढले की जमीन किती सरकली ते. पण रेषेचा शून्य कुठे धरायचा? तो गुरुत्वत्वरणाच्या केवळ हजाराव्या भागाने चुकला, तर दहा सेकंदांअखेर जमीन सुमारे अर्धा मीटर सरकली, असे खोटेच उत्तर निघते. कागदावर एवढी चूक डोळ्यांना दिसतही नाही. पूर्वी अभियंते भिंग लावून त्या रेषेवरचा एकेक बिंदू हाताने मोजत. शुद्धलेखनाच्या चुका तपासण्यात आयुष्य घालवलेल्या मला ह्या कामाचा कंटाळा आणि त्यातली जबाबदारी दोन्ही समजतात.

जेथे असे यंत्रच नव्हते तेथील कथा वेगळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. पुन्हा तीच पहाट, तीच स्थिर मानलेली दख्खनची भूमी. परंतु किल्लारीच्या आसपास एकही त्वरणलेखक नव्हता. गावाखालची जमीन नेमकी किती जोराने हलली, हे पडलेल्या दगडमातीच्या भिंतींवरून अनुमानानेच ठरवावे लागले. त्या सुमारास मी एका साहित्य संमेलनाच्या निधीसंकलनासाठी त्या भागात गेलो होतो. पत्र्याच्या निवाऱ्यात बसलेल्या एका वृद्धाने मला धक्का किती वेळ चालला ते सांगितले. मी 'कशावरून?' असे विचारले नाही. काही प्रश्न वर्गातच विचारावेत.

ह्या कथेत दुसरा धागा प्रकाशाच्या रेषेचा आहे. १८९७ साली जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राऊन ह्यांनी निर्वात नळीतल्या पडद्यावर विजेचे चढउतार प्रकाशबिंदूच्या रूपाने नाचवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डडेल ह्यांनी आरशाचा आंदोलनलेखक पुढे आणला. त्यांतून ऑसिलोस्कोप आला. आमच्या काळी ते यंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कुलूपबंद कपाटात असे, आणि मी कला शाखेला गेल्यामुळे हिरवी रेषा दुरूनच पाहिली. गती विजेत रूपांतरित करावी आणि वीज पडद्यावर पाहावी, ही जोडणी पुढे प्रयोगशाळांत रुळली. मग १९९० नंतर मोटारीतील हवेच्या पिशवीसाठी सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले त्वरणमापक निघाले. त्यांत वजन म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सिलिकॉनचा तुकडा, त्याला कंगव्यासारखे दाते. तो सरकला की दात्यांमधले अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युत्‌धारिता. तेच तत्त्व, तीच स्प्रिंग. आता ते आपणा सर्वांच्या खिशात आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी फोनकडून भूकंप टिपण्याचा उपक्रम सुरू केला. गूगलने २०२० पासून अँड्रॉइड फोनांचे तसेच जाळे उभे केले आणि २०२३ मध्ये त्याच्या सूचना भारतातही सुरू झाल्या. एकटा फोन भोळा असतो, टेबलावरून पडला तरी त्याला भूकंप वाटेल. पण एका गावातले शेकडो फोन एकाच क्षणी हलले, तर ते सारे एकदम टेबलावरून पडले असे कोणी म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या नववीतील तीन विद्यार्थिनींनी मला विज्ञानकक्षात नेले. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ साली विनामूल्य उपलब्ध केलेली एक आज्ञावली त्यांनी फोनवर घेतली आहे, आणि तिचा आलेख संगणकाच्या पडद्यावर ऑसिलोस्कोपसारखा सरकताना दिसतो. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. तो निश्चल होता, आणि पडद्यावर आकडा ९.८! मी म्हणालो, यंत्र बिघडले आहे. एकीने नम्रपणे समजावले, "नाही सर, आतलं वजन स्प्रिंगवर टेकलंय, ते फोनला खालून ढकलल्यासारखंच वाटतं." मग तिने फोन गादीवर टाकला. पडत असताना, त्या अल्पशा क्षणात, रेषा शून्यावर उतरली. गॅलिलिओची गोळी मला त्या खाचेत दिसली.

नंतर त्यांनी फोन लाकडी फळीवर ठेवला आणि मला जवळ पाय आपटायला सांगितले. पंचाहत्तरीत ही विनंती सहसा कोणी करीत नाही. मी ती मनापासून पाळली. पडद्यावर एक उंच काटा उमटला, मागोमाग विरत जाणाऱ्या लहान लाटा. "किती वेळ चाललं असेल, सर?" मी म्हणालो, एक सेकंद. तिने दोन उभ्या रेषा सरकवून मोजले. पाव सेकंदही भरला नाही. मी काट्याच्या डावीकडे बोट ठेवून विचारले, ही सपाट रेघ कशाची? ती म्हणाली, यंत्र सतत मोजत असते आणि आधीचे काही क्षण स्मृतीत धरून ठेवते. धक्का आला की ते पुसत नाही. म्हणजे माझा पाय जमिनीला लागण्यापूर्वीची शांतताही तिथे होती. मी तिला त्या आलेखाची छापील प्रत मागितली, आणि सरांच्या वहीत, पहिल्या पानाशेजारी, ती डकवून ठेवली आहे.